वाट चुकलेल्यांची आगटी

'नाही' म्हणायचं, हे हन्नाबाईंनी नगर सोडायच्या आधीच ठरवलं होतं. कधी म्हणायचं, एवढाच प्रश्न उरला होता. सकाळी म्हटलं तर समोरच्या माणसाचा दिवस नासणार, आणि गाडी तोच चालवणार. तेव्हा परतीच्या वाटेवर, मिरजगाव मागं पडलं आणि अंधारलं की सांगून टाकू, म्हणजे एकमेकांची तोंडं बघायला नकोत, असं त्यांनी आदल्या दिवशी भाकरी थापता थापता पक्कं केलं होतं.

समोरचा माणूस म्हणजे यशयासर. दोघं एकाच शाळेत शिकवायला होते, दोघंही आता निवृत्त. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हन्नाबाईंचे शमुवेल अलीकडे गेले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात, एका हातात चहाचा कप आणि दुसरा हात कोटाच्या खिशात, अशा थाटात सरांनी विचारलं होतं, की उरलेलं आयुष्य एका घरात काढायचं का. शाळेत खडू मागायचे त्याच आवाजात विचारलं. हन्नाबाईंचा केक हातातच राहिला. त्या काही बोलायच्या आत सरांनी मुदतही देऊन टाकली. जानेवारीत निवृत्त शिक्षकांची हुरड्याची सहल निघणार होती, तोवर विचार करा, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणाले.

लोक काय म्हणतील याची भीती हन्नाबाईंना नव्हती. लोक म्हणून झाले होते. चर्चमधल्या बायकांनी दोघांचं लग्न केव्हाच लावून टाकलं होतं, आता फक्त मेनूवर वाद चालला होता. पुण्याच्या जॉयने, त्यांच्या मुलाने, फोनवर सांगितलं होतं, आई तू ठरव, आम्ही आहोत. अडचण निराळीच होती. अडचण चमच्याची होती.

शमुवेलना कंपवात झाला होता. आधी हात, मग मान, मग सगळं शरीर. शेवटची कितीतरी वर्षं हन्नाबाईंनी त्यांना तिन्ही त्रिकाळ चमच्याने भरवलं. पेज, वरण, औषध, आणि पुन्हा पेज. चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला की त्या झोपेतूनही उठून बसायच्या, इतकं ते अंगात भिनलं. शमुवेल गेल्यावर त्यांनी कुणालाही न सांगता शपथ घेतली होती, की आता या हाताने कुणाला भरवायचं नाही. जॉयच्या लेकीलासुद्धा त्यांनी कधी भरवलं नाही. सुनेला ते खटकलं होतं, पण बिचारी बोलली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हन्नाबाईंनी ताक प्यायचंच सोडून दिलं होतं.

तर अशी ही बाई, बसमध्ये मळमळतं या खऱ्या कारणाने, सरांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. बाकीची मंडळी मिनीबसने केव्हाच पुढे गेली होती.

नगरच्या माणसाला दक्षिण म्हणजे रामेश्वर नव्हे. त्याची दक्षिण म्हणजे कर्जत, जामखेड, श्रीगोंदा. तिकडे तो निवडणुकीला, लग्नाला किंवा देवाला जातो, हिंडायला म्हणून सहसा जात नाही. हन्नाबाईही कधी गेल्या नव्हत्या. त्यामुळे मिरजगाव सोडल्यावर धुकं विरळ झालं आणि दोन्ही बाजूंना माळ उलगडत गेला, तेव्हा त्या जरा सावरूनच बसल्या. पिवळं गवत, मधूनच एखादं बोरीचं झुडूप, आणि वर एवढं आभाळ, की त्यांना वाटलं आपण शहरात इतकी वर्षं खालमानेनेच चाललो की काय.

सर काही बोलत नव्हते. हन्नाबाईंना ते आवडत होतं, आणि आवडतंय याचा रागही येत होता. गाडीच्या ऊबेत डोळे मिटत होते, उघडत होते. उघडले की बाहेर काहीतरी नवं असायचं. कुठे करडईची काटेरी हिरवी पट्टी, कुठे मेंढरांचा कळप, कुठे नुसताच एक दगड आणि त्यावर बसलेला घुबडासारखा गंभीर माणूस.

कर्जतच्या अलीकडे सरांनी हळूच गाडी थांबवली. रस्त्यावर हरणं होती. पाच-सात माद्या, मागे एक काळवीट, पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगं पिळदार. धुक्यातून निघून ती रस्ता ओलांडत होती, काही घाई नव्हती. काळवीट मधोमध थांबला आणि त्याने गाडीकडे पाहिलं. हन्नाबाईंकडे जन्मात कुणी इतक्या शांतपणे पाहिलं नव्हतं. मग तो गवतात शिरला आणि गवत मिटलं. सरांनी गाडी सुरू केली नाही, हन्नाबाईंनीही करा म्हटलं नाही. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत आला तेव्हा कुठे दोघं भानावर आली.

सहलीचे म्होरके श्रीमंत नावाचे एक सर होते. त्यांनी पत्ता फोनवर सांगितला होता, की राशीनच्या पुढे नदीकडे निघा, बाभळीला लाल कापड बांधलेलं दिसेल, तिथून आत वळा. आता त्या भागात लाल कापड नसलेली बाभळ शोधायची तर दिवस घालवावा लागेल. एखाद्या बाभळीला म्हसोबाचं कापड असतं, एखादीला नवसाचं, एखादीला पाखरांनी भ्यावं म्हणून लुगड्याचा तुकडा. पण हे नगरच्या दोन ख्रिस्ती मास्तरांना कोण सांगणार? पहिलं लाल कापड दिसलं आणि सर वळले.

गाडीवाट संपली तिथे गाडी लावली. पुढे ज्वारी. डोक्याच्याही वर गेलेली, दुधाळ कणसांनी वाकलेली. मधून एक पायवाट. आत पाऊल टाकलं तसा रस्त्याचा आवाज थांबला. नुसती पानांची सळसळ, आणि हिरव्या ताटांमधून गाळून आलेलं ऊन. हन्नाबाई पुढे, सर मागे. किती चाललो ते दोघांनाही कळलं नाही. हन्नाबाईंच्या मनात आलं, की ही वाट अशीच चालू राहिली, कुठे पोचलीच नाही, तर संध्याकाळ व्हायची नाही आणि उत्तरही द्यावं लागायचं नाही. मग आपल्याच मूर्खपणाचं त्यांना हसू आलं.

वाट मोकळ्या जागेत निघाली. लिंबाच्या झाडाखाली घोंगडी अंथरलेली, शेजारी जमिनीत खणलेला उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या रचून ठेवलेल्या. हुरडा भाजायचा तो खड्डा, त्याला आगटी म्हणतात, एवढं हन्नाबाईंना ठाऊक होतं. आगटी पेटवलेली नव्हती. साठीतली एक किडकिडीत बाई, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, सुपात तीळ निवडत बसली होती. या दोघांना पाहून ती उठली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली,

"या. लई वाट बघायला लावली."

साहजिकच दोघांना वाटलं, हीच ती जागा, बाकीचे यायचेत. बाईचं नाव चांगुणा. तिने हातपाय धुवायला पाणी दिलं, गूळ आणि तांब्याभर थंड पाणी पुढे ठेवलं, ओंजळभर बोरं ठेवली. नाव-गाव काही विचारलं नाही. सरांनी सांगायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. आगटीवर आलेल्याला आधी खाऊ घालायचं, मग विचारायचं, अशी म्हणे त्या घरची रीत होती. पलीकडे राखणीच्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, एक माणूस उभा राहून गोफण फिरवत होता. तो तिचा दीर पुंजाराम. गोफण कडाडली की चिमण्यांचा ढग ज्वारीतून उठायचा, आभाळात एक वळसा घ्यायचा आणि पुन्हा तिथेच उतरायचा. पुंजारामचं आणि पाखरांचं हे दिवसभर चालायचं, आणि दोघंही त्यात सुखी दिसत होते.

बोरं खाता खाता सरांचा फोन वाजला. श्रीमंत सर पलीकडून ओरडत होते, कुठे आहात, आमची दुसरी आगटी चालू झाली, चटणी संपत आली. सरांनी फोन ठेवला आणि हन्नाबाईंकडे पाहिलं. हन्नाबाई तोंडात बोराची बी घेऊन तशाच उठल्या. शरमेने त्यांचे कान लाल झाले. शिस्तीसाठी शाळेत ज्यांच्या नावाचा धाक, त्या बाई परक्याच्या रानात पाहुण्या होऊन बसल्या होत्या. त्यांनी चांगुणाबाईंची माफी मागितली, आम्ही चुकून आलो म्हणून सांगितलं.

चांगुणाबाईंना त्यात चुकल्यासारखं काही दिसलंच नाही. त्या म्हणाल्या, वाट बघत होते ती तुमचीच असं कुठं म्हटलं, येईल त्याची बघत होते. मग त्यांनी सुपातले तीळ सारखे करत करत सगळं सांगितलं. वर्षाची पहिली आगटी जोडप्याने पेटवायची, नवऱ्याने वाळक्या ताटांचं काडकं धरायचं आणि बायकोने काडी ओढायची, ही त्यांच्या सासऱ्यापासूनची रीत. इतकी वर्षं ती त्यांनी आणि कानिफनाथांनी, म्हणजे मालकांनी पेटवली. मालक गेल्या पावसाळ्यात गेले. मुलगा-सून चाकणला, कंपनी सुट्टी देत नाही. गावातली जोडपी आपापल्या रानात. आणि हुरडा काही कुणासाठी थांबत नाही. दाणा टणक व्हायला लागला होता. तेव्हा रानात पाऊल टाकील त्या पहिल्या जोडप्याच्या हाताने पेटवायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"तुमी आला," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता आदी नदी बघून या. मी कनसं आनते. मग पेटवा."

आणि त्यांनी दोघांना नदीकडे पिटाळलं.

ज्वारीच्या टोकाला जमीन उतरत गेली होती आणि खाली भीमा पसरली होती. धरणाच्या फुगवट्याचं पाणी, वाहत्या नदीचं नव्हे. ते काठापाशी इतकं उथळ आणि शांत होतं, की पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते समजत नव्हतं. दूर, त्या दोन्हींच्या मध्ये, गुलाबी काहीतरी होतं. हन्नाबाईंना आधी वाटलं, कुणाची साडी वाळत घातलीय. मग ती साडी हलली. रोहित पक्षी होते, शेकड्यांनी. पाण्यात मान घालून उभे होते. पुंजारामची गोफण मागे कडाडली आणि त्यातले थोडे उठले. त्यांच्या पंखांची आतली बाजू एकदम लालभडक दिसली. मग ते पुन्हा खाली बसले आणि तो लाल रंग मिटला.

हन्नाबाईंचे डोळे भरून आले. एवढं सुंदर काही बघायचं राहिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. शमुवेलची आठवण आली, आणि आपण आज संध्याकाळी शेजारच्या या भल्या माणसाला दुखावणार आहोत हेही आठवलं. सर दोन्ही हात खिशात घालून उभे होते आणि पाण्याकडे पाहत होते. त्यांनी एका शब्दाने उत्तराची आठवण करून दिली नाही. ती करून दिली असती तर बरं झालं असतं, हन्नाबाईंना निदान चिडता आलं असतं.

परत आले तेव्हा आगटीजवळ सगळं मांडून ठेवलेलं होतं. दुरडीत कोवळी कणसं, वाट्यांमध्ये शेंगदाण्याची, जवसाची आणि लसणाची चटणी, मडक्यात दही. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत होते आणि त्यांचा वास लिंबाखाली भरून राहिला होता. चांगुणाबाईंनी ज्वारीच्या वाळक्या ताटांची एक जुडी सरांपुढे ठेवली आणि काडेपेटी हन्नाबाईंच्या हातात दिली.

हन्नाबाईंनी ती घेतली. गप्प बसणं सोपं होतं. एक काडी ओढायची, आगटी पेटवायची, खायचं, आणि निघून जायचं. कोणाचं काय बिघडणार होतं? पण सबंध आयुष्य पोरांना खोटं बोलू नका सांगण्यात गेलं, आणि ही बाई वर्षभराचा मान विश्वासाने हातात देत होती. त्यांनी काडेपेटी खाली ठेवली.

"बाई, आम्ही नवरा-बायको नाही," त्या म्हणाल्या. "माझे यजमान वारले. सरांचीही बायको नाही."

चांगुणाबाईंनी खाली ठेवलेली काडेपेटी नुसती सरळ केली. त्यांच्या तोंडावरून काहीतरी गेलं, आणि ते पाहून हन्नाबाईंना वाईट वाटलं. मग त्यांना एकदम रागच आला, त्या रीतीचा. त्या म्हणाल्या, रान तुमचं, पेरलं तुम्ही, राखलं तुम्ही, तुम्हीच का पेटवत नाही?

"मला चालंल," चांगुणाबाई म्हणाल्या. "रानाला चालंल का, म्हाईत न्हाई. त्याला दोघांची सवय हाय." मग त्यांनी एकदा हन्नाबाईंकडे आणि एकदा सरांकडे नीट पाहून घेतलं. "मग तुमचं हुनार हाय का?"

असं कुणी विचारतं का? चर्चमधल्या बायकांनी महिनाभर जे आडून आडून चाचपलं होतं, ते या बाईने गावाला जाणारी एसटी कधी लागते असं विचारावं तसं विचारलं. सर हळू आवाजात म्हणाले, की ते यांच्याकडे आहे, आज संध्याकाळपर्यंत सांगणार आहेत.

चांगुणाबाईंनी मान डोलावली. दुरडीतली कणसं जरा कमीच दिसतात, आणखी घेऊन येते, म्हणाल्या. दुरडी काठोकाठ भरलेली होती. त्या ज्वारीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

न पेटलेल्या आगटीच्या दोन बाजूंना दोघं बसली. ऊन आता अंगावर घ्यावंसं वाटण्याइतकं झालं होतं. लिंबाची पानं एकेक करून घोंगडीवर पडत होती.

"हन्नाबाई," सर म्हणाले, "तुम्ही काही सांगायच्या आधी मला एक दाखवायचंय. खरं तर नाताळातच दाखवायला हवं होतं. पण तिथे गर्दी होती, आणि माझा धीर झाला नाही."

त्यांनी खिशातून डावा हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला. तो कापत होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत होती, की जणू एखादी अदृश्य गोळी वळत असावीत. हन्नाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. ही गोळी वळताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. दर नाताळात चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या सरांनी ती यंदा का वाजवली नाही, हात कायम खिशात का, सगळं एका क्षणात कळलं.

सर सांगत होते, दिवाळीत डॉक्टरांनी नाव सांगितलं, आता सुरुवात आहे, गोळ्या चालू आहेत, गाडी अजून चालवता येते. हन्नाबाई ऐकत नव्हत्या. त्यांना वाटीला लागणारा चमचा ऐकू येत होता.

"म्हणजे हात कापायला लागल्यावर तुम्हाला माझी आठवण झाली," त्या म्हणाल्या.

"आठवण आधीपासून होती," सर म्हणाले. "विचारायचं धाडस हात कापायला लागल्यावर आलं. त्याआधी वाटायचं, वेळ आहे."

मग हन्नाबाईंनी त्यांना चमच्याचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं, पेज, वाटी, शपथ, जॉयची लेक. आवाज कठोर ठेवून सांगितलं, तरी मध्ये मध्ये तो चिरकत होता. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, की तुम्ही नाही म्हणा. शॅरनशी, त्यांच्या लेकीशी, बोलणं झालं होतं. वेळ येईल तेव्हा माणूस ठेवायचा, पेन्शन त्याला पुरते. चमच्यासाठी मी विचारलंच नाही. समोर बसून जेवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते तुम्ही असावं असं फार वाटलं, म्हणून विचारलं. एवढं बोलून ते थांबले. हात त्यांनी परत खिशात घातला नाही. तो तिथेच, उन्हात, गुडघ्यावर कापत राहिला.

हन्नाबाई त्या हाताकडे बघत बसल्या. शमुवेलनी दोन वर्षं हात लपवला होता. थंडी आहे म्हणायचे, अशक्तपणा आहे म्हणायचे. हन्नाबाईंना कळलं तेव्हा दुखणं घरात पाय पसरून बसलेलं होतं. इतकी वर्षं चमच्याचा राग आहे असं त्या समजत आल्या, आणि आत्ता, या परक्या रानात, त्यांना कळलं की राग त्याचा नव्हताच. राग होता न विचारल्याचा. लग्न पाद्रीसाहेबांनी आणि वडिलांनी चहावर ठरवलं होतं. दुखणं असंच येऊन पडलं होतं. त्या हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या, कारण प्रश्नच कुणी विचारला नव्हता. आणि हा माणूस, अजून नाही म्हणता येतंय तोवरच, सगळं उघड्यावर ठेवून बसला होता.

ठरवून आणलेलं 'नाही' त्यांनी मनात शोधलं. ते होतं. पण ते शमुवेलना म्हणायचं राहून गेलेलं होतं, सरांना नव्हे. हन्नाबाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ज्वारी सळसळली. चांगुणाबाई चार कणसं घेऊन आल्या, तेवढीच आणायला इतका वेळ लागला होता. त्यांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि काही न विचारता कणसं दुरडीत टाकली. हन्नाबाईंनी डोळे पुसले आणि काडेपेटी उचलली.

"होणार आहे," त्या चांगुणाबाईंना म्हणाल्या. सरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "पण चमचा मी धरणार नाही. ते आधीच सांगून ठेवते."

"हुरड्याला कशाला चमचा?" चांगुणाबाई म्हणाल्या.

सर हसले. हसता हसता त्यांना पुढे दिसेना, त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग ताटांची जुडी दोन्ही हातांनी धरून त्यांनी आगटीवर वाकवली. जुडीची वाळकी पानं त्यांच्या हातात थरथरत वाजत होती. हन्नाबाईंनी काडी ओढली. पहिली विझली. दुसरी त्या वाजणाऱ्या पानांना लागली आणि भसकन जाळ झाला. चांगुणाबाईंनी आगटीला हात जोडले, मग तोंड फिरवून बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. माळ्यावरून पुंजारामने हाक दिली, पेटली का. पेटली, त्या म्हणाल्या.

जाळ बसला, निखारा झाला, कणसं राखेत गेली. भाजक्या हुरड्याचा गोडसर वास सुटला. पुंजाराम खाली आला आणि पाखरांना मोकळं रान मिळालं. चांगुणाबाई एकेक कणीस काढून तळहातावर चोळत होत्या, फुंकर मारत होत्या, आणि हिरवे गरम दाणे पाहुण्यांच्या पुढे सरकवत होत्या. त्या आता खुशाल विचारत होत्या, नाव काय, गाव कुठलं, पोरं किती. लग्नाला बोलवा म्हणाल्या. चर्चमध्ये बसायला खाली असतं की बाकड्यावर, याचीही त्यांनी चौकशी केली.

सरांनी राखेतून एक कणीस स्वतः उचललं. डाव्या तळहातावर धरून ते उजव्याने चोळायला लागले. हात कापत होता. दाणे उडत होते, घोंगडीवर, राखेत, मांडीवर. चिमण्या धिटाईने जवळ आल्या. चांगुणाबाईंनी, "आना दादा, मी देते," म्हणून हात पुढे केला.

"राहू द्या," हन्नाबाई म्हणाल्या. "त्यांचं ते करतील."

त्यांचेही हात शिवशिवत होते. इतक्या वर्षांची सवय, ते कणीस काढून घ्यावं, भराभर चोळावं, नीट पाखडून वाटीत द्यावं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले आणि वाट पाहिली. बराच वेळ लागला. शेवटी सरांच्या तळहातावर थोडेसे दाणे उरले, निम्मा कोंडा, थोडी राख. त्यांनी फुंकर मारली, त्यात आणखी दोन-चार गेले. मग तो हात त्यांनी हन्नाबाईंपुढे धरला.

तळहात हलत होता. हन्नाबाईंनी तो धरला नाही. हलत्या हातावरून त्यांनी एकेक दाणा वेचला आणि कोंड्यासकट खाल्ला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरं कणीस त्यांच्याकडे सरकवलं.